काठावर पास

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात माझ्या पत्नीच्या रक्तातली साखर २१४ निघाली.

त्या वेळी ती परातीपुढे बसून रव्याचे लाडू वळत होती. मी ओट्याशी यंत्र घेऊन उभा होतो. यंत्र माझे होते, बोट तिचे होते. मुळात तिची साखर तपासण्याचे काही कारणच नव्हते. कारण होते ते एवढेच, की पट्ट्यांच्या डबीत चार पट्ट्या उरल्या होत्या आणि त्यांची मुदत त्या आठवड्यात संपत होती. पंधरा-वीस रुपयांची एकेक पट्टी. शाळामास्तराच्या घरात मुदतीची वस्तू वाया गेलेली पाहवत नाही. एक पट्टी मुलीच्या बोटावर खर्ची पडली, तिचे ९१ आले. मग मी हिच्याकडे वळलो.

ती म्हणाली, "थांबा हो जरा, हात तरी धुऊ दे."

मी म्हणालो, "अगं, स्पिरिटचा कापूस आहे की माझ्याकडे. पुसतो आणि टोचतो. तुझा पाक तोवर आळायचा नाही."

तिने करंगळी पुढे केली. मी मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात ती कापसाने पुसली, टोचली, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंदांनी यंत्राने तो आकडा दाखवला. मुलीने तो मोठ्याने वाचला आणि मग आम्ही तिघेही गप्प बसलो. परातीतला लाडू अर्धाच वळलेला राहिला.

या आकड्याचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी हे यंत्र आमच्या घरात कसे आले ते सांगायला हवे. कारण खरी लबाडी त्या संध्याकाळच्या आधी दहा महिने चाललेली होती, आणि ती यंत्राची नव्हती.

त्या वर्षीच्या जानेवारीत आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. शिक्षकांची रांग लागली, बोटे टोचली गेली, आणि माझ्या कागदावर तपासणाऱ्या मुलीने लाल शाईने एक फुली केली. आजवर मी दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शाई वापरीत आलो होतो. स्वतःच्या कागदावर ती कशी दिसते, हे प्रथमच कळले. पुढच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत शिरेतले रक्त द्यायला लावले. सकाळी उपाशीपोटी साखर ११२ आली. एचबीएवनसी नावाची जी दुसरी तपासणी असते, मागच्या दोन-तीन महिन्यांचा साधारण हिशोब सांगणारी, ती ५.९ आली.

डॉक्टर म्हणाले, "सर, मधुमेह नाही. पण उंबरठ्यावर आहात."

मग त्यांनी कागदाच्या मागे रेघ ओढून मला तो उंबरठा दाखवला. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असली, की माणूस निरोगी. १२६ किंवा त्याहून वर गेली, आणि तीही एकदाच नव्हे, तर पुन्हा तपासूनही तशीच आली, की मधुमेह. मधली १०० ते १२५ ही जी चिंचोळी पट्टी, तिला म्हणायचे मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना जरा उदार आहे. ती ही पट्टी ११० पासून धरते. पण माझ्या ११२ ला त्या औदार्याचाही उपयोग नव्हता. दुसऱ्या तपासणीत ५.७ ते ६.४ ही मधली जागा, ६.५ ला मधुमेह. थोडक्यात, नापास नाही आणि पासही नाही. आमच्याकडे अशा मुलाला 'काठावरचा' म्हणतात.

मला गंमत वाटली ती या आकड्यांच्या लहानपणाची. शालान्त परीक्षेपलीकडे माझी मजल गेली नाही, पण गुणाकार येतो. हे आकडे म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तातले साखरेचे मिलिग्रॅम. अंगात पाच लिटर रक्त धरले, तर १०० या आकड्याचा अर्थ सबंध देहातल्या रक्तात मिळून पाच ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा! आणि निरोगी माणूस नि मधुमेही यांच्यामधला सकाळचा फरक सव्वा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा चिमटीवर माणसाचे पाय, डोळे, मूत्रपिंडे आणि दिवाळी अवलंबून असते.

डॉक्टरांनी हेही सांगितले, की मी एकटा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेही निघाले दहा कोटींच्या वर, आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे त्याहूनही जास्त, १३ कोटी ६० लाख. "चाला, वजन उतरवा, गोड आणि भात कमी करा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्या," ते म्हणाले. घरी यंत्र घेऊ का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला सध्या त्याची गरज नाही."

मी परस्पर बाजारात जाऊन यंत्र घेऊन आलो.

का आणले, याचे कारण माझ्या आजोबांपर्यंत मागे जाते.

आजोबांना मधुमेह होता. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९८७-८८ चा सुमार. वाईजवळच्या आमच्या गावी माजघराच्या खिडकीत एक स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचनळ्या आणि निळ्याजर्द औषधाची एक बाटली असे. त्या औषधाला बेनेडिक्टचे द्रावण म्हणतात हे मला पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत कळले. घरात त्याला 'आजोबांची शाई' म्हणत. रोज सकाळी आजी काचनळीत ती शाई खुणेपर्यंत ओती, तीत आजोबांच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकी आणि चिमट्यात धरून ती नळी दिव्यावर उकळी. चिमटा धरायचा मान सुट्टीत माझ्याकडे असे. नळीतला रंग बदलला नाही, निळाच राहिला, तर साखर नाही. हिरवट झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि विटेसारखा लाल झाला तर त्या दिवशी आजीचा पट्टा सुटे.

रंग निळा राहिला, की आजोबा खाटेवरून ओरडत, "पास झालो गं!" आणि मग दुपारी मला हळूच खूण करून फडताळातला साताऱ्याचा कंदी पेढा काढायला लावीत. अर्धा त्यांना, अर्धा मला. या कटात मी सामील होतो, हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेले नाही.

आजोबांची नळी पुष्कळदा निळी असे. तरीही नव्या वहाणेने लागलेली त्यांच्या पायाची जखम चार महिने भरली नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेले, आणि १९८९ च्या आषाढात आजोबा गेले. तेव्हा आजी सारखी एकच वाक्य बोले, "पण नळी तर निळी होती हो!"

आज मला ठाऊक आहे, की नळी खोटे बोलत नव्हती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडतच नाही. आणि उतारवयात तर ही पातळी आणखी वर सरकलेली असते. म्हणजे आजोबांच्या अंगात २०० साखर असतानाही नळी खुशाल निळी राहू शकत होती. आम्ही मात्र निळ्या रंगाचा अर्थ 'साखर नाही' असा लावीत होतो, आणि त्या अर्थावर पेढे खात होतो.

तेव्हा मला यंत्र हवे होते ते आजोबांची चूक पुन्हा होऊ नये म्हणून. रंग नको, आकडा हवा. आकडा फसवीत नाही अशी माझी समजूत होती.

हे यंत्र घरात येण्याला एक छोटासा इतिहास आहे, तो मला आवडतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जेव्हा रक्तशर्करेचे असे यंत्र प्रथम निघाले, तेव्हा ते दीड-एक किलो वजनाचे होते आणि फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनिअर लहानपणापासून मधुमेही होते. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर त्यांनी ते मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून आपला आजार काबूत आणला. त्यांचे म्हणणे डॉक्टर मंडळी ऐकेनात, तेव्हा पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बसले आणि स्वतः डॉक्टर झाले. माझ्याच वयाचा माणूस! हे वाचल्यावर मी आमच्या यंत्राकडे आदराने पाहू लागलो. फक्त एक फरक मी लक्षात घेतला नाही. बर्नस्टीन यांना आपली साखर ६० आहे की ३०० आहे हे पाहायचे होते. मला ९९ आहे की १०१ आहे हे पाहायचे होते.

यंत्र आणल्यावर मी एक दोनशे पानी वही घातली, समास आखला, आणि रोज सकाळी चहाच्या आधी बोट टोचू लागलो. पहिल्या दिवशी १०४ आले. मला वाटले, एवढे कसे कमी? खात्री करावी म्हणून लगेच दुसरे बोट टोचले. १२१! तोच मी, तीच सकाळ, तेच यंत्र. मध्ये दोन मिनिटे गेलेली. एका बोटात निरोगीपणाच्या वेशीवर आणि दुसऱ्या बोटात मधुमेहाच्या दारात. आता तिसऱ्याचा कौल घ्यावा म्हणून तिसरे टोचले. ९७.

वहीत मी ९७ लिहिले.

याला मी त्या वेळी लबाडी म्हटले नाही. मनात एक युक्तिवाद तयार होता, की पहिल्या दोन वेळा थेंब नीट लागला नसणार. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला युक्तिवादांची कधी उणीव पडत नाही. तीन खर्डे लिहावेत आणि त्यातला बरा तो छापायला द्यावा, ही वीस वर्षांची सवय. तीच सवय मी माझ्या रक्ताला लावली. १०० च्या आत आकडा आला, की तिथेच थांबायचे. वर आला, तर पुन्हा टोचायचे. असे करता करता माझी वही अगदी देखणी झाली: ९७, ९८, ९५, ९९, ९६. त्या आकड्यांच्या भरवशावर सहा महिन्यांनी द्यायचे रक्त मी दिले नाही, पावसाचे निमित्त करून चालणे सोडले, आणि साताऱ्याला जाणारा-येणारा कोणी असला, की पेढ्यांची पुडी मागवू लागलो.

पत्नीने एकदा विचारले, "अहो, पट्ट्या एवढ्या लवकर कशा संपतात?"

मी सांगितले, "काही खराब निघतात."

हे दहा महिने चालले. आणि मग ती वसुबारस आली.

त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवले नाही. लाडू झाकून ठेवले गेले. मुलगी आईजवळून हलेना. ही स्वतः मात्र शांत होती. इतकी शांत, की मला त्याचीच भीती वाटली. अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "वर्षभर फार दमायला होतंय. जिना चढले की धाप लागते. वाटलं, वय झालं. आता कळलं कशामुळे ते."

वर्षभर! त्या वर्षभर मी रोज सकाळी तिच्या देखत स्वतःची बोटे टोचीत होतो. तिला धाप लागते हे मला ठाऊक नव्हते. मी अंधारात आढ्याकडे पाहत पडून राहिलो. पहाटे केव्हातरी आजोबांचा पाय डोळ्यांपुढे आला.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, धन्वंतरीचा दिवस. सकाळी सातलाच आम्ही दोघेही उपाशीपोटी प्रयोगशाळेच्या पायरीवर जाऊन बसलो. तिच्यासोबत मीही रक्त दिले. तिला एकटीला टोचून घ्यायला लावायचे माझ्याने होईना. दुपारी अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी तिचा कागद पाहिला. साखर ८८.

"अठ्ठ्याऐंशी?" मी म्हणालो. "अहो, काल यंत्रात दोनशे चौदा होती!"

"त्या वेळी वहिनी काय करत होत्या?"

"लाडू वळत होते," ती म्हणाली.

डॉक्टर हसू लागले. "सर, तुम्ही वहिनींची साखर नाही तपासलीत. लाडवाची तपासलीत."

मी कापसाचे सांगितले, स्पिरिटचे सांगितले. त्यावर ते म्हणाले, की बोटाला लागलेली साखर स्पिरिटच्या एका पुसण्याने जात नाही, नळाखाली पाण्यानेच धुवावी लागते. २०११ साली जपानी डॉक्टरांनी याचा मुद्दाम प्रयोग केला होता. निरोगी माणसांना संत्रे, द्राक्षे, किवी ही फळे सोलायला लावून बोटे टोचली, तर यंत्राचे आकडे भलतेच चढले; स्पिरिटने पुसल्यावरही चढेच राहिले; पाण्याने धुतल्यावर मात्र ठिकाणावर आले. यंत्राला थेंब लागतो तो मुगाच्या दाण्याएवढाही नव्हे. तेवढ्याशा थेंबात पाकाचा नुसता लेप मिसळला, तरी शंभराचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे "हात तरी धुऊ दे" म्हणणारी माझी पत्नी त्या जपानी डॉक्टरांइतकीच बरोबर होती, आणि मी तिला थांबवले होते.

मला इतके हायसे वाटले, की मी खुर्चीवरून उठूच लागलो. पण डॉक्टर तिच्याकडे पाहत होते. त्यांनी तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली, तिला हाताचे तळवे पुढे करायला सांगितले आणि विचारले, "दम लागतो का?" मग सकाळच्याच रक्तातून आणखी एक तपासणी करायला त्यांनी प्रयोगशाळेत फोन केला. तासाभराने उत्तर आले. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचे ते १२ च्या वर हवे.

डॉक्टर म्हणाले, की रक्त असे पातळ झाले, की यंत्रे साखर थोडी जास्तच दाखवतात. तांबड्या पेशी कमी, म्हणून पट्टीवर पाण्याचा भाग अधिक पडतो. लाडवाच्या २१४ मध्ये याचाही थोडा हात असेल. लोह कमी असल्यावर ती तीन महिन्यांची तपासणीसुद्धा खोटी चढी येऊ शकते, तेव्हा तिच्या बाबतीत त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, असेही त्यांनी बजावले. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, रक्त कुठे जाते आहे त्याच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि जेवणाबरोबर नि गोळीबरोबर चहा घ्यायचा नाही असे सांगितले; चहाने लोह अंगी लागत नाही.

मग त्यांनी माझा कागद उचलला. उपाशीपोटी ११९. दुसरी तपासणी ६.२.

मी खिशातून वही काढून पुढे केली. तो क्षण मला अजून आठवतो. एखाद्या पोराने दुसऱ्याच्या अक्षरातला गृहपाठ पुढे करावा, तसे मला झाले. डॉक्टरांनी पाने उलटली. मार्च, एप्रिल, मे. ते म्हणाले, "सर, ही वही फारच शहाणी आहे. एकही दिवस शंभराच्या वर नाही. कुठल्याच माणसाचं रक्त इतकं आज्ञाधारक नसतं."

पत्नी माझ्याकडे पाहत होती. पट्ट्या कुठे जात होत्या ते तिला तिथे कळले. मी सगळे सांगून टाकले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे एकच निबंध दोन परीक्षकांना दिला तर गुण सारखे पडतात?"

"कधीच नाही. एक सहा देईल, दुसरा आठ."

"मग पस्तीसच्या रेघेवरच्या मुलाचं काय करता?"

याचे उत्तर मला पाठ होते. काही वर्षांपूर्वी पूर्वपरीक्षेत एका मुलाला ३३ पडले होते. मी त्याचा पेपर पुन्हा काढला, फक्त कमी पडलेलेच गुण शोधले, जास्त पडलेल्यांकडे पाहिले नाही, आणि त्याला ३५ करून दिले. तो मुलगा मार्चच्या परीक्षेत व्हायचे तेच झाला. त्याच्या बापाने मला विचारले होते, "गुरुजी, तुम्ही तर पास म्हणाला होता ना?"

डॉक्टरांनी मग मला यंत्राच्या प्रामाणिकपणाची हद्द समजावून दिली. या यंत्रांसाठी २०१३ सालचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. साखर १०० च्या खाली असेल, तर यंत्राने खऱ्या आकड्याच्या फार तर १५ इकडे किंवा तिकडे जावे. १०० किंवा वर असेल, तर फार तर १५ टक्के. तेही शंभरांतून पंच्याण्णव वेळा. उरलेल्या पाच वेळा त्याही बाहेर गेले, तरी यंत्र मानकात बसते. आता माझे ११२ घ्या. त्याचे १५ टक्के म्हणजे जवळजवळ १७. म्हणजे खरी साखर ११२ असताना चांगल्या यंत्राने ९५ दाखवले तरी ते निर्दोष, आणि १२९ दाखवले तरी निर्दोष. ९५ म्हणजे निरोगी. १२९ म्हणजे मधुमेह. ज्या पट्टीची सगळी रुंदीच पंचवीस, ती मोजायला मी चौतीस खुणांइतका हलणारा गज घेऊन बसलो होतो. कापडवाल्याने असे केले असते, तर मी त्याला दुकानातून खाली ओढला असता.

"इन्सुलिन घेणाऱ्याला हे यंत्र जीव वाचवतं," डॉक्टर म्हणाले. "साठ आणि तीनशे यांत ते गोंधळ करत नाही. पण तुम्ही पास की नापास हे ठरवायला ते केलेलंच नाही. तो निकाल प्रयोगशाळेचा."

प्रयोगशाळासुद्धा काही ब्रह्मवाक्य नव्हे, हेही त्यांच्याकडूनच कळले. साध्या नळीत काढून ठेवलेल्या रक्तातल्या पेशी आपल्या खाण्यासाठी त्यातलीच साखर वापरतात, आणि ती तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरत जाते. म्हणून करड्या टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. तरीही नमुना लवकर तपासलेला बरा. गावोगाव रक्त गोळा करून दुपारी शहरात पाठवणाऱ्यापेक्षा, जिथे यंत्र आहे तिथेच जाऊन दंड पुढे करावा. शिवाय माणसाची स्वतःची साखरही रोज सकाळी तीच नसते. अपुरी झोप, ताप, आदल्या रात्रीचे जेवण, सगळे तीत उतरते.

"मग हे यंत्र टाकून देऊ?" मी विचारले.

"कशाला? आहेच तर एका कामाला वापरा. हात धुवा, पुसून कोरडे करा, बोट पिळू नका. पट्टी मुदतीतली हवी, डबीचं झाकण लगेच लावायचं. दमट हवेत पट्ट्या बिघडतात. एखाद्या दिवशी जेवणाआधी बघा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बघा. भात खाल्ला तेव्हा किती चढली, भाकरी खाल्ली तेव्हा किती चढली, एवढं बघा. नेमका आकडा नका बघू, कल बघा. आणि जो येईल तो लिहा."

तीनदा टोचून सरासरी काढली असती तर, असे मी विचारले. ते म्हणाले, त्याने थोडे सत्याजवळ गेला असता. पण यंत्र मुळातच एका बाजूला झुकलेले असेल, तर सरासरीही तिकडेच झुकते. "आणि तुम्ही तर सरासरी काढतच नव्हता," एवढे म्हणून ते थांबले.

निघताना त्यांनी उत्तेजन म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले: शरीराच्या वजनाचा सात टक्के भार उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, या बेताने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, औषधाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्या लोकांवर तसाच प्रयोग केला, २००६ साली निष्कर्ष आले, तेव्हा घट २८ टक्क्यांच्या आसपास आली. आपली माणसे जरा चिवट. पण घट आली.

घरी परतताना कृष्णेच्या पुलावर ही थांबली. दम लागला होता. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुमच्या वहीत मी कुठेच नव्हते. चुकून आले ती लाडवाच्या हाताने आले."

त्यावर मला काही बोलता आले नाही.

ती जुनी वही मी फाडली नाही. माळ्यावर आजोबांचा लाकडी चिमटा अजून आहे, त्याच्याशेजारी ठेवली आहे. नव्या वहीत दोन समास आहेत. डाव्या बाजूला माझे: चालणे, वजन, आणि महिन्यातून दोन-तीनदा जेवणाआधीचा नि नंतरचा आकडा, येईल तसा. त्यात १६८ आहे, १७४ आहे. बासुंदीच्या दिवशीचे १९१ सुद्धा आहे. उजव्या बाजूला तिचे हिमोग्लोबिन: ८.४, मग ९.६, मग १०.९, आणि गेल्या श्रावणात ११.८. त्याच दिवशी माझे उपाशीपोटी १०७ आणि ५.८ आले. डॉक्टर म्हणाले, अजून काठावरच आहात. सहा महिन्यांनी या.

या दिवाळीचे लाडू झाले आहेत. माझ्या वाटणीला दोन, दिवाळीभरात मिळून. सकाळी तिची गोळीची वेळ असते, म्हणून तिने पहिला चहा सोडला आहे. मी चहातली साखर सोडली आहे. पहाटे आम्ही दोघे स्वयंपाकघरात समोरासमोर बसतो. ती लिंबूपाण्याबरोबर गोळी घेते, मी तो बिनसाखरेचा चहा पितो, आणि ती माझ्या कपाकडे पाहते. मी तिला म्हणतो, "एक घोट घे." ती म्हणते, "नको. एका तासाने."